विमला देवी : कवयित्री आणि वाङ्मयेतिहासकार

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गोव्याचे नाव लवकर येते आणि लवकरच मागे पडते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, त्याची दखल आपण घेतो. त्यानंतर एकदम विसाव्या शतकात येऊन बा. भ. बोरकर आणि लक्ष्मणराव सरदेसाई यांच्यापाशी आपण थांबतो. मधल्या काळात, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढील शंभर वर्षे, त्याच भूमीत पोर्तुगीज भाषेतून कविता, कादंबरी, कथा व निबंध लिहिले जात होते. लिहिणारे गोमंतकीयच होते आणि विषय पुष्कळदा आपल्याच घरादारांचे होते, याची जाणीव आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्वचितच आढळते. भाषा परकी म्हणून वाङ्मय परके, हा निर्णय आपण न वाचताच देऊन टाकला आहे.

हा निर्णय पुन्हा तपासण्यास विमला देवी यांच्यासारखे दुसरे योग्य उदाहरण नाही. त्या कवयित्री आहेत, कथालेखिका आहेत आणि ज्या वाङ्मयाच्या अखेरच्या पिढीत त्यांनी लेखन केले त्याच वाङ्मयाच्या इतिहासकारही आहेत. सर्जन आणि इतिहासलेखन ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने केल्याची उदाहरणे विरळ नाहीत. तथापि आपल्या भाषिक समाजाचा अस्त होत असताना त्या अस्ताचे चित्र आणि त्याची नोंद ही दोन्ही कार्ये एकाच लेखणीस करावी लागणे, हा प्रसंग असाधारण आहे. या दोन भूमिकांतील साक्ष परस्परांशी जुळते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. ती पूर्णांशाने जुळत नाही, आणि ही विसंगतीच त्यांच्या एकूण कार्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

विमला देवी हे टोपणनाव. तेरेझा द पिएदाद दे बाप्तिश्ता आल्मेदा या नावाने त्यांचा जन्म १९३२ साली बार्देश तालुक्यातील ब्रिटोना येथे, मांडवीच्या उत्तर तीरावर, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९५८ साली त्या लिस्बनला गेल्या. 'सूर्य' हा कवितासंग्रह १९६२ साली आणि 'मोंसांव' म्हणजे 'पावसाळा' हा कथासंग्रह १९६३ साली, दोन्ही लिस्बनमध्ये प्रसिद्ध झाले. पोर्तुगीज लेखक व अनुवादक मानुएल द सेआब्रा हे त्यांचे पती. या उभयतांनी मिळून सिद्ध केलेला 'इंडो-पोर्तुगीज वाङ्मय' हा द्विखंडात्मक ग्रंथ १९७१ साली बाहेर पडला. पहिल्या खंडात इतिहास व विवेचन, दुसऱ्यात वेचे, अशी त्याची योजना आहे. लिस्बनच्या विज्ञान अकादमीने या ग्रंथास पारितोषिक दिले. पुढे हे दांपत्य लंडनला आणि नंतर बार्सिलोना येथे स्थायिक झाले. विमला देवींनी कातालान आणि एस्परांतो या भाषांतूनही लेखन केले, आणि पतीसमवेत पोर्तुगीज व कातालान या दोन भाषांचे कोश रचले. 'ओरा' हा त्यांचा कवितासंग्रह १९९१ सालचा आहे.

या चरित्रातील दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या. पहिली अशी की, त्यांनी गोवा सोडला तो १९५८ साली, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेचा शेवट होण्यापूर्वी तीन वर्षे. दुसरी अशी की, त्यांची गोव्याविषयीची सर्व महत्त्वाची पुस्तके त्या घटनेनंतर आणि गोव्याबाहेर प्रसिद्ध झाली. ज्या भूमीविषयी लिहावयाचे ती दूर गेलेली, आणि ज्या भाषेत लिहावयाचे तिचा त्या भूमीतील वाचकवर्ग दिवसेंदिवस ओसरत चाललेला, अशा स्थितीत हे लेखन झाले आहे.

३

टोपणनावापासूनच विचारास आरंभ करणे सोयीचे होईल. ख्रिस्ती घराण्यातील लेखिकेने हिंदू नाव धारण करावे, यात वरवर पाहता नवल वाटते. परंतु गोव्याच्या पोर्तुगीज काव्यात हिंदू विश्वाकडे वळण्याची परंपरा त्यांच्या पूर्वीचीच आहे. पावलिनो दियश (१८७४-१९१९) आणि नासिमेंतो मेंदोंसा या कवींनी हिंदू देवदेवता, पुराणकथा आणि प्राचीन भारत यांचे चित्रण पोर्तुगीज वृत्तांतून केले. दियश यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संग्रहाच्या नावातच सूर्याच्या देशाचा निर्देश आहे. पुढे आदेओदातो बार्रेतो (१९०५-१९३७) यांनी कोइंब्रा विद्यापीठात शिकत असताना 'इंडिया नोव्हा' हे पत्र सहकाऱ्यांसह चालविले आणि हिंदू संस्कृतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हा 'सूर्य' हे शीर्षक घेताना विमला देवी एका जुन्या वाटेवर पाऊल टाकीत होत्या, हे उघड आहे.

परंतु वाट तीच असली तरी जावयाचे ठिकाण वेगळे होते. पूर्वसूरींचा भारत हा बव्हंशी पुराणातील भारत होता. तो मंदिरांचा, अप्सरांचा आणि तपोवनांचा होता, आणि शेजारच्या गावात राहणारा हिंदू मनुष्य त्यात सहसा दिसत नसे. एका दृष्टीने ते स्वदेशाचे आकर्षण होते, दुसऱ्या दृष्टीने तो युरोपीय ग्रंथांतून शिकलेला पौर्वात्यवाद होता. धर्मांतरामुळे ज्या परंपरेपासून पूर्वज तुटले, तिचे स्मरण कवींनी केले खरे, परंतु ते स्मरण पुस्तकांच्या मार्गाने झाले. विमला देवींच्या लेखनात हा पुराणातील भारत मागे सरतो आणि त्याच्या जागी समकालीन गोव्यातील माणसे येतात. 'सूर्य'मधील गोवा हा दुरून आठवलेला गोवा आहे, म्हणून त्याच्याभोवती विरहाचे वलय आहे. त्या वलयाचा मोह कवितेस पडणे स्वाभाविक होते. पुढील वर्षीच्या कथासंग्रहात मात्र हा मोह बाजूस सारलेला दिसतो, आणि म्हणून 'मोंसांव' हे त्यांचे श्रेष्ठ पुस्तक होय असे आम्ही मानतो.

एक आक्षेप येथेच विचारात घेतला पाहिजे. 'सूर्य' हा संग्रह लिस्बनमधील सरकारी सागरपार विभागाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. गोवा हातचा गेल्यानंतर अवघ्या वर्षाच्या आत गोव्याविषयीची कविता सरकारी खर्चाने छापण्यामागे सालाझार राजवटीचा हेतू निखळ वाङ्मयीन असणे शक्य नाही. त्या राजवटीने गोव्याचे भारतातील विलीनीकरण मान्यच केले नाही. पोर्तुगालने ते मान्य केले ते राज्यक्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. मग ही कविता साम्राज्याच्या शोकगीताचा भाग ठरते काय? आमच्या मते हा आक्षेप प्रकाशकावर लागू पडतो, पुस्तकावर पडत नाही. प्रकाशकाचा हेतू हा पुस्तकाच्या इतिहासाचा विषय आहे आणि त्याची नोंद झालीच पाहिजे, परंतु पुस्तकाचा अर्थ त्यावरून ठरविणे ही टीकेची सोयीस्कर पळवाट होय. तो अर्थ कृतींतूनच काढावा लागेल, आणि कृतींची साक्ष साम्राज्यास मुळीच अनुकूल नाही. ही साक्ष 'मोंसांव'मध्ये मिळते.

४

'मोंसांव'चा इंग्रजी अनुवाद पॉल मेलो ए कास्त्रो यांनी केला असून तो २०१९ साली कोलकात्याहून प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे पोर्तुगीज न जाणणाऱ्या अभ्यासकासही हा संग्रह आता उपलब्ध आहे. अनुवादावरून गद्याच्या लयीविषयी विधान करणे धोक्याचे असते. म्हणून येथे रचना आणि आशय यांपुरतेच विवेचन मर्यादित ठेवीत आहोत.

या कथांचा पाया म्हणजे भाटकार आणि मुंडकार यांचा संबंध. भाट म्हणजे माडांची बाग, तिचा मालक तो भाटकार. मुंडकार म्हणजे त्या भाटात मालकाच्या अनुमतीने घर बांधून राहणारा, आणि त्या बदल्यात राखण व अन्य कामे करणारा मनुष्य. आमच्या वर्धा जिल्ह्यातील वाचकास येथे मालगुजाराची आठवण होईल. पुलगावच्या आसपासच्या खेड्यांत मालगुजारीचा वाडा, त्याचे वजन आणि त्यापुढे झुकणारी कुळे ही वृद्धांच्या बोलण्यात अजून येतात. मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली. परंतु हे साम्य फार ताणणे योग्य नव्हे. मालगुजार हा गावाच्या सारावसुलीशी बांधलेला होता, आणि कुळाचे अवलंबन मुख्यतः शेताशी होते. मुंडकाराचे अवलंबन घराशी होते. शेत गेले तर कुळाची भाकरी जाते, मुंडकारावर मालकाची गैरमर्जी झाली तर डोक्यावरचे छप्पर जाते. गोव्यात शेतीच्या कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ साली झाला, आणि मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ साली. विमला देवींच्या कथा या दोन्ही कायद्यांच्या आधीच्या समाजाच्या आहेत.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे त्यांच्या कथांत घर या वस्तूस एवढे महत्त्व का, हे स्पष्ट होते. भाटकाराचे मोठे, खांबांचे, पूर्वजांच्या तसबिरींनी भरलेले घर आणि मुंडकाराची झोपडी एकाच जमिनीवर उभी असतात. दोघांत अंतर काही पावलांचे असते, परंतु ते ओलांडण्याचा मार्ग नसतो. 'घरजावई' ही कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्या पोर्तुगीज शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'पंक्तीस बसणारा जावई' असा होतो, आणि आपल्या 'घरजावई' या शब्दातील सारा उपरोध त्यात आहे. जमीनदार ख्रिस्ती घराण्यात पुरुष वारस नाही, म्हणून जावयास घरात आणून वंश पुढे चालविण्याची धडपड, असा हा विषय. जमीन आहे, घर आहे, नाव आहे, परंतु पुढे नेणारा कोणी नाही. ज्या व्यवस्थेत घर देणे हाच सत्तेचा आधार, त्या व्यवस्थेचे स्वामी स्वतःच घर भरून काढण्यास असमर्थ ठरतात. येथे लेखिकेने उपदेश केलेला नाही, मालकवर्गाविरुद्ध घोषणाही नाही. एका घरातील जेवणाचे टेबल आणि त्यावरची एक जागा एवढ्यातून वर्गाच्या अस्ताचे दर्शन घडते.

दुसरी जोडी 'ध्रुवा' आणि 'परत' या कथांची. ध्रुवा ही हिंदू घरातील तरुण स्त्री, तिचा पती चंद्रकांत शिक्षणासाठी पोर्तुगालला गेलेला आहे. पहिल्या कथेत तिची प्रतीक्षा आहे, दुसरीत त्याचे परत येणे आणि परत येऊनही न पोचणे. लग्नात वधूस ध्रुवतारा दाखविण्याचा आपला विधी ज्यास ठाऊक आहे, त्यास या नावातील वेदना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जिने स्थिर राहावयाचे तिच्यासाठी स्थैर्य हीच शिक्षा ठरते. चंद्रकांताची अडचणही लेखिकेने सहानुभूतीने पाहिली आहे. तो ज्या शिक्षणासाठी गेला ते त्यास मिळाले, आणि त्याच शिक्षणाने त्यास घरी परका केले. मराठी कथेतही विलायतेहून परतणारा पुरुष आपल्या ओळखीचा आहे. परंतु तेथे संघर्ष बहुधा सुधारक आणि सनातनी यांचा असतो. येथे वाद नाही, दोन व्यक्तींमधील मौन आहे. पूर्वसूरींच्या पुराणातील हिंदू नायिकांशी ध्रुवेची तुलना केली असता विमला देवींनी केवढे अंतर कापले ते कळून येते. ध्रुवा ही शेजारच्या घरातील स्त्री आहे, आणि तिचे मन जाणून घेण्याचा प्रयत्न ख्रिस्ती घरातील लेखिकेने केला आहे.

संग्रहाचे नावही विचार करावयास लावणारे आहे. पाऊस गोव्यात सुपीकता आणतो आणि घरे एकाकीही करतो. भाटकाराच्या घराचे जुने छत आणि मुंडकाराचे झाप दोन्ही त्याच पावसाखाली असतात. हा पावसाळा कोकणच्या निसर्गवर्णनाचा अलंकार म्हणून आलेला नाही. कथांमधील निरनिराळ्या जातींची व धर्मांची माणसे ज्या एका गोष्टीने जोडली आहेत ती गोष्ट म्हणून तो येतो.

५

आता १९७१ च्या इतिहासग्रंथाकडे वळू. त्याचे श्रेय निःसंदिग्ध आहे. वृत्तपत्रांच्या फायलींत, अल्पसंख्य प्रतींच्या पुस्तकांत आणि घरगुती संग्रहांत विखुरलेले लेखन एकत्र करून त्यास क्रम व संदर्भ देण्याचे काम त्यापूर्वी एवढ्या विस्ताराने झाले नव्हते. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांची १८६६ ची 'ओस ब्राह्मनेस' ही कादंबरी आणि 'जिप' या नावाने लिहिणारे फ्रान्सिस्को जुआंव द कोश्ता यांची १८९६ ची 'जाकोब ए दुल्स' यांजपासून आपल्या समकालीनांपर्यंतची परंपरा या ग्रंथामुळे सलगपणे पाहता येते. नंतरच्या अभ्यासकांस पाया म्हणून त्याचाच आधार घ्यावा लागला आहे. हे काम वेळेवर झाले, हेही महत्त्वाचे. १९०० साली सुरू झालेले 'ओ एराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक १९८३ साली इंग्रजीत निघू लागले. एवढ्या एका घटनेवरून वाचकवर्ग किती वेगाने ओसरला याची कल्पना येईल. आणखी वीस वर्षे विलंब झाला असता तर साक्ष देणारेही उरले नसते.

परंतु ग्रंथाच्या चौकटीचा प्रश्न शिल्लक राहतो. भाषा हाच निकष मानून रचलेल्या इतिहासात त्या भाषेचा अधिकार असणारा वर्ग हाच वाङ्मयाचा नायक होतो. गोव्यात पोर्तुगीजमधून लिहिणारे बहुतांशी ख्रिस्ती ब्राह्मण आणि चारडो घराण्यांतील, म्हणजे मुख्यतः जमीन बाळगणाऱ्या वर्गातील होते. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या वर्गावर टीकाही केली. 'जाकोब ए दुल्स' ही तर मडगावच्या प्रतिष्ठित समाजावरील उपहासात्मक कृती आहे. तथापि इतिहासाच्या पानांवर मुंडकारास स्थान मिळते ते विषय म्हणून, लेखक म्हणून नव्हे. त्याचे धालो, ओव्या आणि तियात्र ही सारी कोंकणीत असल्यामुळे भाषेच्या निकषानेच बाहेर राहतात. लक्ष्मणराव सरदेसाई यांच्यासारखा लेखक तर या निकषाचे दौर्बल्य उघडे करतो. त्यांनी मराठीत कथा लिहून कीर्ती मिळविली, पोर्तुगीज राजवटीत कारावास भोगला, नंतर पोर्तुगीजमधूनही लिहिले, आणि १९८२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांस मिळाला तो कोंकणी पुस्तकासाठी. असा लेखक भाषेच्या एका खणात मावत नाही. मराठी वाङ्मयेतिहासकारांनीही त्याच चुकीचा कित्ता गिरविला आहे, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

६

येथे मूळ प्रश्नाकडे परत येता येते. कथालेखिका विमला देवी ज्या वर्गाचा रितेपणा दाखवितात, त्याच वर्गाच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचे स्मारक इतिहासकार विमला देवी उभारतात. ही विसंगती दोष मानावी काय? काही अभ्यासक असे म्हणू शकतील की, इतिहासग्रंथ हा संयुक्त लेखनाचा आहे आणि तो लिस्बनच्या सरकारी सागरपार संशोधन मंडळाने छापला, तेव्हा त्यातील संयम समजण्यासारखा आहे. हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. इतिहासकारापुढे ग्रंथ असतात, आणि कथाकारापुढे ग्रंथ न लिहिणारी माणसेही असतात, हे आमच्या मते अधिक खोल कारण होय. जे लिहिले गेले त्याचीच नोंद इतिहासात होऊ शकते. जे लिहिले गेले नाही त्यास आवाज देणे हे सर्जनाचे काम आहे.

म्हणून या दोन ग्रंथांचे वाचन एकत्र केले असता जो निष्कर्ष हाती लागतो तो कोणत्याही एका ग्रंथातून लागत नाही. गोव्यातील पोर्तुगीज वाङ्मय का संपले, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः १९६१ या एका सालात दिले जाते. सत्ता गेली, शाळांतून भाषा गेली, वाङ्मय संपले. 'मोंसांव'मधील समाज १९६१ पूर्वीचा आहे, आणि त्यात हा शेवट आधीच सुरू झालेला दिसतो. वारसहीन घरे, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर गेलेले पुत्र, मुंडकाराशी बोलण्यास भाषा उरली नाही असे मालक, ही सारी लक्षणे सत्तांतराच्या अगोदरची आहेत. लेखिका स्वतः १९५८ साली गोवा सोडून गेली, ही चरित्रातील नोंद या साक्षीस पुष्टी देते. १९६१ च्या घटनेने वाङ्मयाचा आधार काढून घेतला हे खरे. परंतु तो आधार इतक्या सहजपणे निघाला, कारण त्याखालची जमीन पूर्वीच खचली होती. बहुजनांची भाषा एक आणि वाङ्मयाची भाषा दुसरी, अशी स्थिती जेथे दीर्घकाळ राहते तेथे असेच घडते. ऑर्लांदो द कोश्ता यांनी १९६१ मध्येच कुणबी जीवनावरील कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहिली. त्या वाङ्मयाने शेवटी का होईना आपल्या दारातल्या माणसाकडे पाहिले. मात्र त्या माणसास ते वाचता येत नव्हते.

या निष्कर्षात आपल्यासाठीही इशारा आहे. विदर्भातील वऱ्हाडी, झाडी आणि गोंडी बोलणाऱ्या घरांतून आलेले विद्यार्थी ज्या प्रमाण मराठीत आपली उत्तरपत्रिका लिहितात, ती त्यांच्या घरातील भाषा किती आहे, हा प्रश्न विमला देवींच्या वाचनानंतर टाळता येत नाही. दोन्ही स्थिती सारख्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. मराठी ही या भूमीचीच भाषा आहे आणि वऱ्हाडी व झाडी या बोलींशी तिचा रक्तसंबंध आहे. परंतु वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ छापील पुस्तकांच्या याद्यांवर विसंबू नये, ही गोष्ट दोहोंस लागू आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने पुढील काम स्पष्ट आहे. 'मोंसांव'मधील कथा आणि लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या 'कल्पवृक्षाच्या छायेत' या संग्रहातील कथा एकत्र वाचून, एकच गोमंतकीय समाज दोन भाषांत कसा निरनिराळा दिसतो, हे पाहिले पाहिजे. एका बाजूने हिंदू घरातून, मराठीतून, आणि दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती घरातून, पोर्तुगीजमधून पाहिलेले तेच माड, तीच घरे आणि तेच भाटकार यांची ही तुलना एखाद्या प्रबंधास सहज पुरेल. ती करताना विमला देवींस पोर्तुगीज वाङ्मयाच्या परिशिष्टात टाकण्याचे कारण नाही आणि ओढून मराठीत आणण्याचेही कारण नाही. त्या ज्या जागी उभ्या राहिल्या, तेथून आपल्या घराची मागील बाजू दिसते. तेवढ्यासाठी तरी तेथे जाऊन पाहणे आवश्यक आहे.